कायद्याचा प्रश्न आणि शास्त्राची उमेदवारी

1948 साली अमेरिकेतील सेंट लुइस शहरी, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या वैद्यकशाळेत शिकणारा अर्न्स्ट विंडर नावाचा एक विद्यार्थी आपल्या शल्यचिकित्सा विभागाच्या प्रमुखांकडे एक विचित्र वाटणारी विनंती घेऊन गेला. त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क येथे फुफ्फुसाच्या कर्करोगाने दगावलेल्या एका माणसाचे शवविच्छेदन त्याने पाहिले होते, मृताच्या पत्नीशी तो बोलला होता, आणि तो गृहस्थ दिवसाला दोन पाकिटे सिगारेट ओढीत असे एवढी एकच हकीकत मनाशी घट्ट धरून तो परतला होता. आता रुग्णालयातील रोग्यांना त्यांच्या धूम्रपानाची तपशीलवार माहिती विचारण्याची परवानगी त्याला हवी होती. विभागप्रमुख होते एव्हार्ट्स ग्रॅहम. कर्करोगाने ग्रासलेले सबंध फुफ्फुस एकाच शस्त्रक्रियेत काढून रोग्याला वाचविण्याचा पराक्रम 1933 साली ज्यांच्या हातून प्रथम घडला तेच हे ग्रॅहम, आणि ते स्वतः सिगारेटच्या पूर्ण आहारी गेलेले होते. विद्यार्थ्याच्या तर्कावर त्यांचा विश्वास नव्हता. सिगारेटींचा खप वाढला तसा नायलॉनच्या पायमोज्यांचाही वाढला, मग दोष पायमोज्यांना का देऊ नये, अशा आशयाचे ते बोलत. तरीसुद्धा त्यांनी परवानगी दिली, आपले नाव आणि आपले वजन त्या कामामागे उभे केले, आणि 27 मे 1950 रोजी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात 684 रोग्यांच्या आधारे लिहिलेला तो सुप्रसिद्ध लेख प्रकाशित झाला तेव्हा त्यावर पहिले नाव विद्यार्थ्याचे होते आणि दुसरे गुरूचे. पुढे ग्रॅहम यांनी सिगारेट सोडली, पण 1957 साली त्यांना त्याच रोगाने नेले. 1933 साली त्यांनी ज्याचे फुफ्फुस काढले होते तो रोगी त्यांच्यामागे आणखी सहा वर्षे जगला.

ही हकीकत आरंभीच सांगण्याचे कारण असे की, तंबाखूविषयीच्या शास्त्राचा विचार आपण बहुधा विषाचा, रोगाचा किंवा फार तर कायद्याचा म्हणून करतो. ते शास्त्र माणसांच्या हातून माणसांच्या हाती जाते, आणि ज्येष्ठाने कनिष्ठाला कोणता प्रश्न विचारू दिला यावर पुढच्या पन्नास वर्षांचे आयुर्मान अवलंबून राहते, इकडे आपले फारसे लक्ष जात नाही. गेल्या दशकदीड दशकात अमेरिकेत तंबाखू-नियमनशास्त्र या नावाने एक नवी विद्याशाखा आकारास आली असून तिच्यात तरुण संशोधकांना तयार करण्याची एक रीतसर पद्धतीही घडविण्यात आली आहे. ती उमेदवारी काय स्वरूपाची आहे, आणि ती कोणालाही सहज का साधत नाही, हे सामान्य वाचकाने जाणून घेण्याजोगे आहे असे मला मनापासून वाटते.

या शाखेचा जन्म प्रयोगशाळेत झाला नाही. तो न्यायालयात आणि विधिमंडळात झाला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे तत्कालीन आयुक्त डेव्हिड केसलर यांनी 1996 साली अशी भूमिका घेतली की निकोटीन हे औषधिद्रव्य आहे, सिगारेट हे ते शरीरात पोहोचविण्याचे साधन आहे, आणि म्हणून दोहोंवर आपल्या खात्याचा अंमल चालतो. तंबाखू कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निवाडा दिला की विधिमंडळाने हा अधिकार त्या खात्यास कधी दिलेलाच नाही. तो अधिकार देणारा कायदा संमत होऊन 22 जून 2009 रोजी अध्यक्ष ओबामा यांची त्यावर सही झाली तेव्हा प्रशासनात तंबाखूसाठी स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. आणि खुर्च्या, दफ्तरे, शिक्के सर्व सिद्ध झाल्यावर ध्यानात आले की कायद्याने जे प्रश्न विचारले आहेत त्यांची उत्तरे देऊ शकतील अशी माणसे फार थोडी आहेत.

याचे कारण त्या प्रश्नांच्या घडणीतच होते. वैद्य समोरच्या एका रोग्याचा विचार करतो, विषशास्त्रज्ञ एका द्रव्याचा, मानसशास्त्रज्ञ एका सवयीचा. या कायद्याची कसोटी मात्र अशी आहे की कोणताही नियम करताना किंवा कोणत्याही नव्या मालाला बाजारात येण्याची मुभा देताना समग्र जनतेच्या आरोग्याचा हिशेब मांडला पाहिजे, आणि जनतेत तंबाखू सेवन करणारे आणि न करणारे हे दोन्ही धरले पाहिजेत. फळांच्या स्वादाची एखादी विजेरी सिगारेट पन्नाशीच्या धूम्रपीची नेहमीची सिगारेट सोडवीत असेल, आणि तोच स्वाद पंधरा वर्षांच्या मुलीला निकोटीनची पहिली चव देत असेल, तर त्या मालाला परवाना द्यावा की नाकारावा? या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्रात अपुरे आहे, मानसशास्त्रात अपुरे आहे, गणितातही अपुरे आहे. तिघांना एका बैठकीत बसवून, न्यायालयात टिकेल अशा भाषेत ते उत्तर लिहावे लागते. शिवाय कायद्याने काही दारे मुळातच बंद ठेवली आहेत. सर्व सिगारेटींवर सरसकट बंदी घालण्याचा किंवा निकोटीनचे प्रमाण शून्यावर आणण्याचा अधिकार या खात्याला नाही. कर बसविणे आणि सार्वजनिक जागी धूम्रपानास मनाई करणे या गोष्टीही त्याच्या कक्षेबाहेरच्या आहेत. यामुळे एखाद्या उत्साही तरुणाने करवाढीने खप किती घटतो असा अत्यंत उपयुक्त प्रश्न घेतला तरी या विशिष्ट निधीतून त्यास पैसा मिळत नाही, आणि नवशिक्याला पहिला धडा मिळतो तो असा की प्रश्न चांगला असणे वेगळे आणि कायद्याच्या कामी येणे वेगळे.

2013 साली प्रशासन आणि राष्ट्रीय आरोग्यसंस्था यांनी मिळून देशभरातील विद्यापीठांत अशा कामासाठी 14 केंद्रे निवडली. येल, पेनसिल्व्हेनिया, व्हरमाँट, टेक्सास, सॅन फ्रान्सिस्कोचे कॅलिफोर्निया विद्यापीठ ही त्यांपैकी काही नावे. पहिल्या वर्षासाठी 5 कोटी 30 लक्ष डॉलरांपर्यंतची तजवीज होती. 2018 साली दुसऱ्या फेरीत 9 आणि 2023 साली तिसऱ्या फेरीत 7 केंद्रे निवडली गेली. या केंद्रांना संशोधनाबरोबरच नव्या पिढीच्या शिक्षणाची जबाबदारी स्पष्ट शब्दांत सोपविण्यात आली, ही त्या योजनेतील मला सर्वांत दूरदृष्टीची वाटणारी गोष्ट होय. इमारत आणि उपकरणे पाच वर्षांच्या मुदतीत उभी राहतात. या विषयाची जाण असलेला माणूस त्या मुदतीत जेमतेम उभा राहतो.

या उमेदवारीचे स्वरूप थोडे जवळून पाहू. पीएच. डी. नुकतीच पदरी पडलेला कोणी रसायनशास्त्रज्ञ किंवा वर्तनशास्त्रज्ञ केंद्रात येतो तेव्हा त्याला एका मार्गदर्शकाच्या हवाली करून भागत नाही. दोन-तीन भिन्न शाखांतील ज्येष्ठांचे मंडळ त्याला मिळते, कारण त्याच्या स्वतःच्या शाखेतील गुरू त्याला जे शिकवील ते त्याला बहुतांशी अवगतच असते. त्याला कायदा वाचावयास लावतात, आणि तो सारांशरूपाने नव्हे, कलमागून कलम. सरकार एखाद्या नियमाचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांकडून लेखी अभिप्राय मागविते तेव्हा मुदतीच्या आत, पुराव्यानिशी, दोन पानांत आपले म्हणणे कसे मांडावे याचा सराव त्याला घडवितात. निबंधाच्या शेवटी अधिक संशोधनाची गरज आहे असे लिहून मोकळे होण्याची सवय विद्यापीठात लागलेली असते. इकडे पलीकडचा अधिकारी ठराविक तारखेला निर्णय देणारच असतो आणि आज हाती असलेल्या पुराव्यावरून तुम्ही काय सांगू शकता एवढेच तो विचारीत असतो. छोट्या प्रायोगिक अभ्यासासाठी केंद्रातून थोडी रक्कम मिळते. ती कशी खर्चली आणि तिच्यातून काय हाती लागले यावर पुढे मोठ्या अनुदानाचा अर्ज उभा राहतो. राष्ट्रीय आरोग्यसंस्थेच्या एका प्रकारच्या अनुदानात उमेदवार दोन वर्षांपर्यंत मार्गदर्शकाच्या छत्राखाली आणि त्यापुढे तीन वर्षांपर्यंत स्वतंत्रपणे काम करतो. दुसऱ्या एका प्रकारात त्याचा किमान तीन चतुर्थांश वेळ संशोधनासाठीच राखून ठेवण्याची हमी त्याच्या संस्थेला द्यावी लागते. ज्यांनी आपल्याकडील तरुण अध्यापकांचे दिवस परीक्षांची पर्यवेक्षणे, हजेरीपत्रके आणि समित्या यांत जाताना पाहिले आहेत त्यांना या एका अटीचे मोल वेगळे सांगावयास नको.

पण कोष्टकात बसणाऱ्या या गोष्टींपेक्षा जे गुरूच्या सहवासातच कळते ते अधिक महत्त्वाचे आहे, आणि त्यात अग्रस्थान आहे ते यंत्राविषयीच्या संशयाला. अमेरिकेत 1967 पासून सिगारेटमधील डांबर व निकोटीन मोजण्याची एक सरकारमान्य रीत होती: यंत्र दर मिनिटाला एक झुरका घेई, झुरका 35 मिलिलिटरचा आणि दोन सेकंदांचा असे. कंपन्यांनी फिल्टरभोवती डोळ्यांना जेमतेम दिसतील अशी छिद्रे पाडली. यंत्राच्या झुरक्याबरोबर त्यांतून हवा आत शिरे, धूर पातळ होई आणि आकडे खाली येत. त्या आकड्यांच्या बळावर "लाइट" म्हणून कोट्यवधी सिगारेटी खपल्या. माणूस मात्र यंत्र नव्हे: निकोटीनची भूक भागेपर्यंत तो खोल ओढतो, वारंवार ओढतो, आणि ती छिद्रे नकळत त्याच्या बोटांखाली किंवा ओठांखाली झाकली जातात. पुढे रक्तातील आणि लघवीतील द्रव्यांची मोजदाद झाली तेव्हा कागदावरच्या हलकेपणाचा शरीरात मागमूस लागला नाही. हे उदाहरण प्रत्येक उमेदवारापुढे ठेवले जाते, आणि ठेवले जावे. कारण येथे मोजमाप अचूक होते, ते करणारे प्रामाणिकही होते, आणि तरीही त्या मोजमापाने लोकांचे प्राण घेणाऱ्या एका गैरसमजाला सरकारी मोहोर दिली.

चिकाटीचा धडा निकोटीन घटविण्याच्या कल्पनेतून मिळतो. सिगारेटमधील निकोटीन व्यसन लागणारच नाही इतक्या खालच्या पातळीवर आणावे ही सूचना नील बेनोविट्झ आणि जॅक हेनिंगफील्ड यांनी 1994 साली मांडली. तेव्हा ती अंमलात आणील असा कायदाच नव्हता. कायदा आल्यावर एरिक डॉनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 840 धूम्रपींवर सहा आठवड्यांचा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले, आणि निकोटीन पुरेसे घटविलेल्या सिगारेटी मिळालेली माणसे त्यांची भरपाई म्हणून अधिक सिगारेटी ओढत नाहीत, उलट कमीच ओढतात, असे त्यात दिसून आले. या एका वाक्यामागे केवढा खटाटोप असतो याची कल्पना नवख्याला नसते: अशा सिगारेटी बाजारात नव्हत्या, त्या संशोधनासाठी मुद्दाम बनवून घ्याव्या लागल्या; आणि प्रयोगात सामील झालेली माणसे घरी जाऊन आपली नेहमीची सिगारेट ओढतात काय, याची रुजुवात त्यांच्या तोंडच्या शब्दांवर न ठेवता शरीरातील खुणांवरून करावी लागते, आणि ती करतानाही त्यांना चोर समजायचे नसते. तंबाखूच्या प्रत्येक ग्रॅममागे 0.7 मिलिग्रॅम ही निकोटीनची कमाल मर्यादा सुचविणारा मसुदा प्रशासनाने जाहीर केला तो 2025 च्या जानेवारीत. 1994 साली ज्यांनी ती कल्पना विद्यार्थिदशेत प्रथम ऐकली असेल ते तोवर स्वतः विद्यार्थी घडविण्याच्या वयाला पोहोचले होते.

पैशाचा विषय नाजूक खरा, पण तो टाळून या शिक्षणाची गोष्ट पुरी होत नाही. 4 जानेवारी 1954 रोजी अमेरिकेतील चारशेंहून अधिक वर्तमानपत्रांत तंबाखू कंपन्यांनी एक निवेदन छापले आणि लोकांच्या आरोग्याच्या काळजीपोटी आपण एक संशोधन समिती स्थापीत आहोत असे आश्वासन दिले. त्या समितीच्या द्रव्यावर अनेक प्रामाणिक शास्त्रज्ञांनी प्रामाणिक कामे केली; परंतु मूळ प्रश्न दहा वाटांनी फुटत राहील, संशय जिवंत राहील आणि निर्णय लांबणीवर पडेल अशी त्या व्यवस्थेची योजना होती, हे पुढे न्यायालयीन दाव्यांतून बाहेर पडलेल्या कंपन्यांच्या अंतर्गत कागदपत्रांनी दाखवून दिले. ते लक्षावधी दस्तऐवज सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठाने सर्वांसाठी खुले ठेवले आहेत आणि अनेक उमेदवारांची पहिली वर्षे ते चाळण्यात जातात. नव्या केंद्रांना मिळणारा पैसाही अखेर तंबाखू कंपन्यांच्याच तिजोरीतून येतो, हे येथे सांगितले पाहिजे. कायद्याने त्यांच्यावर वार्षिक शुल्क बसविले आहे आणि 2019 पासून ते वर्षाला 71 कोटी 20 लक्ष डॉलर आहे. पण ते शुल्क सरकारजमा होते, आणि कोणता प्रश्न विचारावा, कोणता विचारू नये, हे देणाऱ्याच्या हाती राहत नाही. देणगी आणि शुल्क यांतील हा भेद तरुणाला वेळीच समजावून देणे हे मार्गदर्शकाचे मोठे कर्तव्य होय. कारण अनुदान संपत आलेले असते, घरी लहान मूल असते, आणि कोणत्याही अटी नाहीत असे सांगणारे गोड पत्र नेमके त्याच सुमारास येते.

महाराष्ट्राचा या विद्येशी संबंध अमेरिकेतील कायद्याहून पुष्कळ जुना आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील संघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू ओढणे आणि चघळणे यांचा मुख-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध 1955 साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाचे फली मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी महाराष्ट्रातील 1,01,761 खेडुतांची तोंडे घरोघर जाऊन तपासली आणि तो वृत्तांत 1972 साली प्रसिद्ध केला. लाखभर माणसांना आ करावयास सांगणे, प्रत्येकाच्या गालाच्या आतील पांढरा चट्टा टिपून ठेवणे, आणि पुढच्या घरी जाणे! हे काम ज्यांनी केले त्यांच्यासाठी उमेदवारीचा अभ्यासक्रम कोणी आखलेला नव्हता. त्याच विभागात काम केलेले प्रकाश गुप्ता यांनी पुढे नवी मुंबईत स्वतंत्र संशोधनसंस्था उभारली. तंबाखूतील कर्करोगकारक नायट्रोसमाइन द्रव्यांचा ज्यांनी जन्मभर पाठपुरावा केला त्या मिनेसोटाच्या स्टीफन हेक्ट यांच्या प्रयोगशाळेत इरिना स्टेपानोव्ह या तेव्हाच्या तरुण संशोधिकेने भारतात विकल्या जाणाऱ्या धूररहित तंबाखूचे पृथक्करण केले, आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या त्या लेखावर हेक्ट यांच्याप्रमाणेच गुप्ता यांचेही नाव आहे. खैनीच्या काही नमुन्यांत ती द्रव्ये फार मोठ्या प्रमाणात आढळली होती. अशाच एका नायट्रोसमाइनची धूररहित तंबाखूतील मर्यादा ग्रॅममागे एक मायक्रोग्रॅम असावी, असा मसुदा अमेरिकी प्रशासनाने 2017 च्या जानेवारीत काढला.

अमेरिकेतील पाठ जसाच्या तसा आपल्याकडे गिरवून मात्र चालणार नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत, जी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पार पाडली, 28.6 टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले. एकूण प्रौढांत धूर न काढता तंबाखू सेवन करणाऱ्यांचे प्रमाण 21.4 टक्के होते आणि ओढणाऱ्यांचे 10.7. तव्यावर भाजलेल्या मशेरीचा उग्र दर्प ज्याने सकाळच्या प्रहरी घरात घेतला आहे, किंवा तळहातावर चुना लावून तंबाखू मळणारा अंगठा ज्याने रोज पाहिला आहे, त्याच्याकडे परदेशातील प्रयोगशाळेत न मिळणारे ज्ञान आधीच असते. उरते ते त्याला शास्त्राची भाषा देणे. चुन्याने मिश्रणाची अल्कता वाढते, निकोटीन मोकळ्या रूपात येते आणि तोंडाच्या आतील त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरते. म्हणून पुडीतील तंबाखूच्या निकोटीनचा आकडा छापला तरी चुन्याच्या बोटाचा हिशेब त्यात येत नाही, आणि "लाइट" सिगारेटच्या छिद्रांनी जी फसगत केली तीच येथे वेगळ्या मार्गाने होण्याचा संभव राहतो. आपल्या 2003 च्या कायद्यात निकोटीन व डांबर यांच्या कमाल मर्यादेची तरतूद आहे. नोएडा, मुंबई आणि गुवाहाटी येथे परीक्षणशाळाही उभ्या राहिल्या आहेत. त्या यंत्रांपुढे बसणाऱ्या तरुणांना मशेरी, गुटखा, खैनी आणि विडी यांच्याविषयी कोणते प्रश्न विचारावेत हे शिकविणारे ज्येष्ठ हवेत, आणि त्या ज्येष्ठांना तेवढी फुरसत मिळायला हवी.

अशी व्यवस्था मोडावयास किती थोडा वेळ लागतो हेही अलीकडेच दिसले. 2025 च्या एप्रिलच्या आरंभी अमेरिकेच्या आरोग्य खात्यात मोठी नोकरकपात झाली आणि तीत तंबाखू केंद्राच्या संचालकांनाही पदावरून दूर करण्यात आले. ज्या अधिकाऱ्यांना आपल्या निष्कर्षांचा उपयोग होईल या भरवशावर तरुणांनी आयुष्याची उमेदीची वर्षे या विषयाला दिली, ते अधिकारीच नाहीसे झाल्यावर त्या तरुणांच्या मनाचे काय होत असेल याचा विचार मला अस्वस्थ करतो.

अशा वेळी मला इंग्लंडमधील एक वही आठवते. 1951 च्या ऑक्टोबरअखेर रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांना पत्रे लिहून त्यांच्या धूम्रपानाची माहिती मागविली, आणि उत्तरे आलेल्यांपैकी 34,439 पुरुष डॉक्टरांचा माग त्यांनी सुरू केला. सरकारे बदलली, हिल गेले, टिपणे ठेवणारी माणसे बदलली; वही पुढे चालू राहिली. धूम्रपान करणारा सरासरीने सुमारे दहा वर्षे आधी मरतो, हे सांगणारा पन्नास वर्षांचा वृत्तांत 2004 च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा डॉल एक्याण्णव वर्षांचे होते. त्या लेखावर त्यांच्यापाठोपाठ नाव आहे ते त्यांच्याच सहवासात तयार झालेल्या रिचर्ड पेटो यांचे, आणि पहिली पत्रे टपालात पडली तेव्हा पेटो आठ वर्षांचे होते.